सकाळचे यो-सान

नाशिक,
१२ सप्टेंबर २०२४

चि. सौ. यामिनीस अ. उ. आ.

तुम्ही सगळे इचिकावाला सुखरूप पोचलात हे नरेंद्रच्या फोनवरून कळलं. फोनवर मी फार बोलले नाही याचा राग मानू नकोस. आमच्या ह्यांना फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि स्पीकरवर मी नेहमीच बरी असते. म्हणून ठरवलंय की खरं ते कागदावर लिहायचं, आणि तुला लिहायचं. नरेंद्रला लिहिलं तर तो रडेल आणि विमानाची तिकिटं बघायला लागेल. धाकटा भाऊ पन्नाशीला आला तरी धाकटाच राहतो. तू डोकं ठिकाणावर ठेवून वाचशील.

गोळ्यांची पहिली फेरी चालू आहे. चौदा दिवस घ्यायच्या, सात दिवस सुट्टी, अशा आठ फेऱ्या. सलाइनमधून सगळी औषधं झाली, मग ऑपरेशन झालं, तरी काढलेल्या गाठीत थोडं काही जिवंत सापडलं, त्यामुळे या गोळ्या. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं की स्तनाच्या कर्करोगाची ही जात परत उलटायला बघते आणि तिच्याविरुद्ध आता हातात एवढंच आहे. मला असं स्पष्ट बोलणारं माणूस आवडतं. तीस वर्षं भूगोल शिकवला, नकाशावर खड्डा असेल तर तो खड्डा म्हणूनच दाखवावा.

आतापर्यंत त्रास नाही, तोंडाला जरा चव नाही एवढंच. तू सांगून, देऊन गेलेलं सगळं पाळते. उकळलेलं पाणी, बाहेरचं खाणं बंद, सकाळचे यो-सान न चुकता, आणि ड जीवनसत्त्वाची तुझी गोळी जेवणानंतर. ती डॉक्टरबाईंना दाखवून झाली, त्यांची हरकत नाही. घरात सगळ्यांना, आपल्या रावसारखं, सान लावायची माझी जपानहून आणलेली खोड अजून गेलेली नाही. दूध-सान, इस्त्री-सान, आणि पेपर उशिरा आला की पेपर-सानांचा उद्धार. ह्यांना तेवढं मी लावत नाही, कारण मग ते डोक्यावर बसतील.

समोरच्या कल्पनाला मात्र आवरायला हवं. ती रोज नवं जीवनसत्त्व घेऊन येते. तिच्या कुठल्या मावससासूचा आजार म्हणे क जीवनसत्त्वाच्या सुयांनी पळाला. मावससासूही नंतर पळाली का, हे मी विचारलं नाही.

कश्मिराला पापा. ती जपानीत उत्तर देईल ते मला तसंच लिहून पाठव, हिरागाना, तिथली बाराखडी, अजून येते मला.

माया आहे तशी राहू दे, पत्र मात्र लवकर टाक.

तुझी,
सुमेधाताई

~

इचिकावा,
२४ सप्टेंबर २०२४

ती. सौ. सुमेधाताईंना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल पेटीत सापडलं. गॅसची बिलं आणि पिझ्झाची जाहिरात यांच्यामध्ये तुमचं अक्षर दिसलं आणि तिथे जिन्यातच वाचलं. नरेंद्रला तुमची खुशाली तेवढी सांगितली. पत्र दाखवलं नाही. हे बरोबर की चूक याचा मी रोजवहीत दोन पानं खल केला. शेवटी वाटलं, तुम्ही विश्वासाने एकीला लिहिलंत तर तिने एकटीनेच वाचावं.

नरेंद्रचं तोयोसुचं ऑफिस आणि माझं ऑफिस आता एकाच इमारतीत आली आहेत. लिफ्टमध्ये भेटलो की तो मला यामिनी-सान म्हणतो आणि मी त्याच्याकडे बघत नाही. कश्मिराने तुमच्यासाठी लिहिलेली चिठ्ठी सोबत आहे. तिचं मराठी दिवसेंदिवस पाहुण्यासारखं होत चाललंय, येतं, बसतं आणि लगेच जातं.

आता कल्पनाताईंच्या सुयांबद्दल. मी डॉक्टर नाही, जैवरसायनाची पदवी घेऊन वीस वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेली बाई आहे, म्हणून लिहिण्याआधी काल रात्रभर वाचत बसले. जे समजलं ते असं. स्तनाचा कर्करोग झालेल्या पुष्कळ बायकांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी आढळतं, हे खरं. पण ते कमी असल्यामुळे रोग होतो, की रोगामुळे, घरात बसून राहण्यामुळे ते कमी होतं, हे नीट उलगडलेलं नाही. गोळ्या घेऊन रोग टळतो असं तर कोणीच छातीठोक सांगत नाही. तुमचं कमी होतं म्हणून हाडांसाठी भरून काढायचं, एवढाच त्याचा अर्थ. आणि क किंवा इतर जीवनसत्त्वांचे मोठे डोस उपचार चालू असताना मदत करतील की औषधाच्या कामात लुडबुड करतील, हे सांगता येत नाही. जीवनसत्त्व हा शब्दच फसवा आहे, ताई. जीवन आणि सत्त्व दोन्ही ज्यात आहे त्याने वाईट काय होणार, असं वाटतं. पण पेशींना वाढायला जे लागतं ते वाईट पेशींनाही लागतंच. तेव्हा कृपा करून डॉक्टरबाईंना विचारल्याशिवाय कल्पनाताईंचं एकही जीवनसत्त्व तोंडात घालू नका. जरा दरडावून लिहिलं, माफ करा.

ऑगस्टमध्ये मी तुमच्या इमारतीतल्या नंदिनीताईंच्या योगवर्गात तुमचं नाव घालून आले होते, तेव्हा तुम्ही नुसतं बघते म्हणालात. मला धाकधूक होती. पण पत्रात सकाळचे यो-सान वाचले आणि निर्धास्त झाले. नेम मोडू नका.

लक्ष्मीकांतरावांना नमस्कार. आशीर्वाद असावा, आणि कागदावरचं खरं असंच येत राहावं.

आपली,
यामिनी

~

नाशिक,
६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. यामिनीस अ. उ. आ.

कश्मिराची चिठ्ठी मी स्वतः जुळवून वाचली. दोन अक्षरं अडली, पण आत्याचे केस परत आले का, असं तिने विचारलंय हे समजलं. तिला सांग, आले, पण पांढरे आणि कुरळे आले. कोणाचे तरी चुकून मला आले असावेत.

तुझं पत्र कल्पनाला मोठ्याने वाचून दाखवलं. तिचं तोंड एवढंसं झालं. मग मी तिला बजावलं की यापुढे यामिनीने दिल्याशिवाय मी कोणाचं काही घेणार नाही. ती म्हणाली, जपानची गोष्टच वेगळी. तिची मुलगी कोबेला राहून आल्यापासून तिला जपानचं सगळं पटतं.

आता खरं. दुसरी फेरी सोपी जात नाहीये. तळहात तापल्या तव्यावर ठेवल्यासारखे होतात. पाय जमिनीला लावताना दोनदा विचार करावा लागतो. जीभ आणि ओठांच्या आत फोड आहेत. पोट तर विचारूच नकोस. डॉक्टरबाई म्हणाल्या की या गोळ्यांचा हा त्रास ठाऊकच आहे, पण तुम्हाला जरा लवकर आणि जास्त होतोय. मलम दिलंय. ह्यांना मी मिरची जास्त लागली म्हणून सांगते. ह्यांचा विश्वास बसतो. पस्तीस वर्षांच्या संसारात माणूस विश्वास ठेवायला शिकतो, किंवा थकतो.

अशक्तपणा फार आहे. मनात येतं की यो-सान वाढवावे का? सध्या सकाळचेच आहेत, संध्याकाळीही सुरू करू का? तुझं काय मत? तुला विचारल्याशिवाय काही करायचं नाही असं ठरवलंय.

नंदिनी मजेत आहे, तिच्या मुलीचं लग्न ठरलं.

तुझ्याकडे आता थंडी सुरू होईल. पायात मोजे घाल. प्रेम कमी करू नकोस.

तुझी,
सुमेधाताई

~

इचिकावा,
१७ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. सुमेधाताईंना सा. न. वि. वि.

तुमचे हात कसे आहेत? आधी हाच प्रश्न. कोमट पाणीसुद्धा नको, साधं गार वापरा. भांडी लक्ष्मीकांतरावांना घासू द्या. मिरचीची गोष्ट किती दिवस चालवणार? मी तुमचं गुपित फोडणार नाही, पण माझ्या मनाला ते बरं वाटत नाही. एकदा वाटतं, दुखणं कोणाला सांगायचं हा ज्याचा त्याचा हक्क. एकदा वाटतं, मी दूर बसून तुमची लपवाछपवी सोपी करते आहे.

जास्त त्रास होतोय असं डॉक्टरबाई म्हणाल्या, त्याचं कारण त्यांनी शोधलं का? काहींच्या शरीरात हे औषध पचवून टाकणारा एक पाचकरस कमी असतो, त्याची तपासणी असते असं वाचलं. विचारून बघा. मी त्यांच्या कामात तोंड घालते आहे असं वाटलं तर माझं नाव सांगू नका.

यो-सान जरूर वाढवा! विचारायचं काय त्यात? सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा, झेपेल तितकं. ज्या दिवशी फार गळाल्यासारखं वाटेल त्या दिवशी तर मुळीच टाळू नका, त्यानेच ताकद येईल. हे काही औषध नव्हे, की डॉक्टरबाईंना विचारायला हवं. तुमची चिकाटी बघून मलाच लाज वाटते. मी इथे फुकट मिळतं तेही करत नाही.

दिवाळीला इथे आम्ही चार मराठी घरं मिळून फराळ करणार आहोत. चकल्यांचं काम माझ्याकडे आलंय. तुमच्या भाजणीचं पीठ ऑगस्टमध्ये आणलं होतं ते फ्रीजरमध्ये जपून ठेवलंय. तुम्ही शेजारी उभ्या राहून काटा नाही आला म्हणून हिणवाल, अशी कल्पना करून तळीन.

आशीर्वादाची मागणी नेहमीचीच, तुमच्या बाजूने ओघ आटू देऊ नका.

आपली,
यामिनी

~

नाशिक,
५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. यामिनीस अ. उ. आ.

अक्षराला हसू नकोस. पेन धरायची बोटं सोलली आहेत, म्हणून मुठीत धरून लिहिते आहे.

दिवाळी झाली. मी फराळाचं काही खाल्लं नाही. ताक आणि मऊ भात, तोही निववून. ह्यांना अखेर सगळं कळलं, कारण लक्ष्मीपूजनाला कुंकू लावताना माझ्या बोटाचं कातडं करंड्यात राहिलं. ते तसेच उठले. गच्चीवर गेले आणि उशिरा खाली आले.

तिसरी फेरी मध्येच थांबवावी लागली. काल चौथी सुरू व्हायची, ती डॉक्टरबाईंनी पुढच्या सोमवारवर ढकलली. त्या पाचकरसाची तपासणी केली, ती चांगली आली. म्हणजे कारण काही सापडत नाही. डोस कमी करून शेवटचं एकदा बघू म्हणतात. एवढ्यात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेले. यंत्रावर अंगठा ठेवला, नाही. तर्जनी ठेवली, नाही. दहाही बोटं झाली. बोटांवरच्या रेषाच गेल्या आहेत. खिडकीतला मुलगा भला होता, म्हणाला, आजी, यंत्राला तुम्ही सापडत नाही. सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन मात्र मनाशी ठरवलं.

मी या गोळ्या बंद करणार आहे. रागाने नाही, नीट विचार करून. यात मरण टळेल की नाही हे कोणी सांगू शकत नाही, पण जगणं मात्र रोज थोडं थोडं सोलून जातंय. ह्यांनी फार गळ घातली म्हणून सोमवारी एकदा कमी डोस घेऊन बघेन. आहे तसाच त्रास झाला तर डॉक्टरबाईंना सरळ सांगणार, पुरे. परत उलटला रोग तर उलटला. हे फक्त तुला लिहिते आहे. नरेंद्रला सांगू नकोस. आणि मला समजवायला येऊ नकोस, तू समजवलंस तर मी ऐकेन, आणि मला ऐकायचं नाही.

तुझं तेवढं सगळं मात्र पाळते आहे. तू लिहिलंस तेव्हापासून यो-सान दोन्ही वेळा, आणि फार गळाल्यासारखं झालं की मध्येही. त्यामुळेच उभी आहे बहुतेक. पाकीट संपत आलंय. पानाचं चित्र असलेलं हेच पाठव, दुसरं नको. कोणी येणारं असेल तर त्याच्याबरोबर दे, घाई नाही.

चकल्यांना काटा आला का ते कळव.

माया ठेव. जास्त लिहवत नाही.

तुझी,
सुमेधाताई

~

इचिकावा,
१६ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. सुमेधाताईंना,

नमस्काराची अक्षरं आज लिहायला हात धजत नाही. हे पत्र पोचेल तेव्हा तुम्हाला सगळं तोंडी कळलेलं असेल. तरी लिहिते आहे, कारण तुम्ही वॉर्डात ग्लानीत होतात आणि लक्ष्मीकांतराव घाबरलेले होते. माझ्या तोंडून, क्रमाने, काही न वगळता तुम्हाला कळायला हवं.

तुमचं पत्र परवा सकाळी ऑफिसला निघताना मिळालं. गाडीत उभ्या उभ्या वाचलं. तुमचा निर्णय वाचला, परत वाचला, आणि पटलाही. मनातल्या मनात उत्तर जुळवत होते, की ताई, मी समजवायला येणार नाही. मग पाकीट संपत आलंय या शब्दांवर आले. आधी वाटलं, नंदिनीताईंच्या फीचं पाकीट असेल. पुढे पानाचं चित्र आलं.

ताई, यो-सान म्हणजे तुम्ही योगाला ठेवलेलं नाव आहे असं मी समजत होते. दूध-सान, इस्त्री-सान, तसे यो-सान. दोन महिने मी तेच समजत होते.

इथे कुठल्याही औषधाच्या दुकानात ते पाकीट टांगलेलं असतं. वर मोठी चित्राक्षरं असतात आणि त्याखाली हिरागानात योऽसान. तुम्ही वाचलंत ते अगदी बरोबर वाचलंत. पण त्यातला सान हा माणसांना लावायचा सान नव्हे. यो म्हणजे पान, सान म्हणजे आम्ल. पानातलं आम्ल. फोलिक आम्ल. आपल्याकडे गरोदर बायकांना देतात तेच, ब गटातलं जीवनसत्त्व.

पेशींना वाढायला ते लागतं. तुमच्या गोळ्यांचं औषध पेशीत जिथे जाऊन तिची वाढ अडवतं, तिथेच हे जीवनसत्त्व त्या औषधाची पकड आणखी घट्ट करतं. म्हणजे गोळ्या तेवढ्याच, पण तोंडाला, आतड्यांना, तळहातांना त्या जास्त झाल्यासारख्या. हे मी नव्याने शोधलेलं नाही. त्या गोळ्यांबरोबरच्या माहितीत लिहिलेलं असतं. मी ती माहिती सप्टेंबरमध्ये वाचली होती, कल्पनाताईंवर शेरे मारण्यासाठी.

गाडीत फोनवर बोलायची इथे सोय नाही, कोणी बोलत नाही. मधल्याच स्टेशनवर उतरले आणि खांबाला टेकून नंबर लावला. तिकडे अजून नीट उजाडलं नव्हतं. लक्ष्मीकांतरावांनी पहिल्याच घंटेला उचलला, म्हणजे ते जागेच होते. ते म्हणाले, काल संध्याकाळी तुम्हाला दाखल केलं, पोटात पाणी ठरत नाही, सलाइन चालू आहे, आणि आज फेरीला आल्या की डॉक्टरबाई गोळ्या कायमच्या बंद करण्याचं ठरवणार आहेत. मी ओरडून सांगितलं की यो-सान आधी बंद करा. ते म्हणाले, अहो, तिला उठून बसवत नाही, योगासनं कुठली करतेय ती. म्हणजे त्यांनाही तसंच वाटत होतं! मी म्हटलं, योग नाही, गोळी आहे, पानाचं चित्र असलेलं पाकीट शोधा. त्यांना काही समजेना. नर्सबाई फोनवर मोठ्याने बोलू नका म्हणून त्यांना रागावत होत्या, इकडे माझ्या शेजारून गाड्या जात होत्या, आणि माझ्या तोंडून मराठीत, इंग्रजीत, जपानीत एकच शब्द निघत होता.

ते रिक्षाने घरी गेले. दोन तास शोधल्यावर चहाच्या डब्यामागे पाकीट सापडलं. त्याचा फोटो आला तोवर मी त्याच स्टेशनात बाकावर बसून होते. ऑफिसला कळवलंही नव्हतं. फोटो आला, मी अक्षरं वाचली, आणि ते परत दवाखान्यात धावले. डॉक्टरबाई फेरी संपवून निघाल्याच होत्या. लक्ष्मीकांतराव सांगत होते की त्यांनी लिफ्टचं दार हाताने धरून ठेवलं.

डॉक्टरबाईंनी मला नंतर स्वतः फोन केला. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. एवढंच विचारलं की पेशंटने हे आम्हाला का सांगितलं नसावं. मी म्हटलं, कारण मीच तिला लिहिलं होतं की हे औषध नव्हे, डॉक्टरांना विचारायची गरज नाही. त्या म्हणाल्या, सगळा त्रास यानेच झाला असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही, काहींना नुसत्या गोळ्यांनीही होतो. पण हे बंद करून, तोंड आणि पोट भरून येईपर्यंत थांबून, मग परत बघण्यासारखं आहे. कायमचं बंद करण्याचं त्यांनी तूर्त मागे घेतलं.

ते पाकीट तुमच्याकडे कसं आलं हे मी नरेंद्रला विचारलं. तुमच्या ड जीवनसत्त्वाची तीन पाकिटं आणायला मी त्यालाच पाठवलं होतं. एकाच आकाराची, एकाच रंगाची पाकिटं शेजारी शेजारी टांगलेली असतात. चौदा वर्षं जपानात राहून त्याला पुरुष आणि बाहेर एवढीच दोन चित्राक्षरं ओळखता येतात. पण मला वाचता येतात, ताई. बॅग मी भरली. पाकिटं हातात घेतली आणि उलटून बघितली नाहीत. त्याला दोष देऊन मोकळं होता येईना. त्याला सगळं सांगावं लागलं, तुमच्या निर्णयासकट. तुमचं गुपित राखता आलं नाही. तो रडला नाही. तिकिटं मात्र बघितली. त्याला मी थांबवलंय, पण तुम्ही नुसतं हो म्हणा, तो निघेल.

यो-सान जरूर वाढवा, असं मी लिहिलं, उद्गारचिन्ह देऊन. ते वाक्य मी माझ्या हातांनी लिहिलं. एक प्रश्न विचारला असता, की ताई, यो-सान म्हणजे काय हो? वडील नणंदेच्या थट्टेचा अर्थ विचारणं मला मठ्ठपणाचं वाटलं. समजल्यासारखं दाखवलं.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही लगेच देऊन टाकाल, आणि तुमची ताकद आता तशा कामाला खर्च व्हायला नको. एकच मागते. गोळ्या बंद करायचा निर्णय तुम्ही नीट विचार करून घेतलात, पण जी माहिती धरून घेतलात ती माझ्यामुळे खोटी होती. तो निर्णय तेवढा परत एकदा घ्या. हो घ्या, नाही घ्या. या वेळी खऱ्या नकाशावरून घ्या. मी समजवायला येणार नाही.

आशीर्वाद मागायचा धीर नाही. काळजी घ्या एवढंच.

आपली,
यामिनी

~

नाशिक,
१३ डिसेंबर २०२४

चि. सौ. यामिनीस अ. उ. आ., आणि ते मागितल्याशिवायच देते.

पत्र उशिरा लिहिते आहे ते मुद्दाम. तुला अर्धवट काही कळवायचं नव्हतं. फोनवर तू रोज विचारायचीस आणि मी रोज बरी म्हणायचे, तर आता कागदावरचं घे.

घरी आल्यावर आठवडाभर काही नाही, नुसती झोप. मग एके सकाळी जिभेला भात लागला, म्हणजे भाताची चव लागली. त्यानंतर वरण. त्यानंतर ह्यांनी केलेला चहा वाईट आहे हेही समजलं, तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या की तुम्ही सुधारताय.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू सगळं स्वतःवर घेतलंस, तसं घ्यायची तुला सवयच आहे, पण माझा वाटा मला दे. डॉक्टरबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं की आणखी काय काय घेता. मी ड ची गोळी दाखवली आणि पानाचं पाकीट नाही दाखवलं. पानाचं चित्र आहे, म्हणजे पाल्याचं काहीतरी, तुळशीच्या काढ्यासारखं, त्यात काय दाखवायचं. तुझ्या पाकिटांत होतं म्हणून रोज सकाळी एक घ्यायची, हेही माझं मीच ठरवलं. शिवाय जपानी माणसं गोळीलासुद्धा सान लावतात याचं मला इतकं कौतुक, की ते मी तुला गंमत म्हणून लिहीत राहिले. मी हिरागाना वाचली आणि अर्थही वाचला असं समजले. वर्गात ज्या मुलांना नद्यांची नावं पाठ असत पण त्या कुठून कुठे वाहतात हे ठाऊक नसे, त्यांना मी उभं करत असे. आता मला कोण उभं करणार?

झेपेल तितकं, असं तू लिहिलंस तेव्हा मला क्षणभर वाटलं होतं, गोळ्या झेपतील तितक्या कशा घ्यायच्या? विचारावं असं मनात आलं. मग म्हटलं, एवढी शिकलेली भावजय, वाचून-अभ्यासून लिहिते, तिला उलट काय विचारायचं. तू मला वडील समजून विचारलं नाहीस, मी तुला हुशार समजून. दोघींनी एकमेकींचा मान राखला, आणि मी सलाइनवर गेले. कल्पना यात जिंकली आहे, ती आता जिन्यात उभी राहून सगळ्यांना जपानपासून सावध करते.

आणखी एक कबूल करून टाकते. नंदिनीच्या वर्गाला मी आजतागायत एकदाही गेलेली नाही. बघते म्हणजे नाही, हे नाशिकात लहान पोरालाही कळतं. तुझ्या पत्रात तो विषय आला की मी डोळे पुढच्या ओळीवर नेत असे. नेले नसते तर तिथेच सगळं उलगडलं असतं.

आता तू ज्यासाठी श्वास रोखून वाचते आहेस ते. निर्णय परत घेतला. दोन दिवस घेतले, ह्यांना शेजारी बसू दिलं, बोलू दिलं नाही. दोन डिसेंबरला चौथी फेरी पहिल्यापासून सुरू केली, डोस थोडा कमी. आज बारावा दिवस. तळहात लाल आहेत, पण सोलले नाहीत. तोंडात एकच फोड आहे, तो सुद्धा लाजरा. पोट ताळ्यावर आहे. अवघड आहे, यामिनी, पण हे अवघड माझ्या आवाक्यातलं आहे. म्हणून पाचवी घेणार, आणि सहावी आली की सहावीचं बघू. हे बघू म्हणजे खरोखरचं बघू.

हयातीचा दाखला मिळाला. अंगठा अजून उमटत नाहीच, पण तोच मुलगा म्हणाला, आजी, चेहरा दाखवा. पांढरे कुरळे केस मागे करून चेहरा दाखवला. यंत्राने क्षणभर विचार केला आणि मान्य केलं की मी मीच आहे, आणि आहे.

नरेंद्रला येऊ दे. नको म्हणून उगाच चांगुलपणा करणार नाही, मला तो यायला हवा आहे. त्याच्या बॅगेतून काहीही पाठव, पण प्रत्येक पाकिटावर आत काय आहे ते मराठीत चिकटवून. आणि अजून एकदा विचारते, उत्तर आलेलं नाही. चकल्यांना काटा आला होता का?

लोभ आहेच, तो वाढवायची आता गरज नाही. विचारपूस वाढव.

तुझी,
सुमेधाताई